तळ्याची नाडी

गाय आजारी पडली तर गोठ्यात पाऊल टाकताच कळतं. तिचं रवंथ थांबलेलं असतं, कान पडलेले असतात, समोरची वैरण तशीच असते. भातावर रोग पडला तर तो बांधावरून दिसतो. कोंबड्यांचं काही बिनसलं तर त्या पिसं फुगवून कोपरा धरतात. तळ्यातल्या माशांचं तसं नाही. काठावर उभं राहून पाहावं तर पाणी कसं शांत, हिरवट, वाऱ्याने जरासं शहारलेलं. त्या पाण्याखाली पाच-दहा हजार जीव सुखाने पोहताहेत की श्वासासाठी तडफडताहेत, हे काठावरच्या माणसाला सहसा समजत नाही. समजतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उजाडल्यावर पांढरी पोटं वर करून सगळं पीक तरंगत असतं.

‘पीक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. छत्तीस वर्षं बँकेत काढली, आणि त्यातली बरीचशी कोकणातल्या शाखांमध्ये शेतीकर्जाच्या टेबलामागे गेली. त्यामुळे कथा-कादंबऱ्या लिहिणारा असलो तरी मासा मला ताटात दिसण्याआधी तारण म्हणून दिसतो. आणि तारण म्हणून मासा हा फार अवघड माल. गाईचं कर्ज तपासायला गेलं की कानातला बिल्ला पाहायचा, नंबर वहीत टिपायचा, काम झालं. ट्रॅक्टरला चेसिस नंबर असतो. सोनं सराफ कसोटीवर घासून देतो. माशांचं कर्ज तपासायला गेलेला अधिकारी मात्र काठावर उभा राहून पाण्याकडे पाहतो आणि तळ्याचा मालक त्याच्याकडे पाहतो. मग मालक मूठभर खाद्य फेकतो, पाण्यात खळबळ उडते, आणि अहवालात वाक्य येतं : ‘तळ्यात मासे असल्याचे आढळले.’ असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यातलं एकही वाक्य खोटं नसे. पण मासे किती, कसे आणि उद्या सकाळपर्यंत जगणार का, याचं उत्तर त्यात कधीच नसे.

म्हणूनच, पाण्यात बुडवून ठेवायची आणि तिथली खबर तारेविना घरी पोहोचवणारी यंत्रं आपल्याकडच्या तळ्यांवर दिसू लागली तेव्हा मला कुतूहल वाटलं. कोळंबीच्या मोठ्या प्रकल्पांवर ती आधी आली. आता हळूहळू इतर मत्स्यशेतीतही येताहेत. एक तरंगता डबा, त्यावर वहीच्या पानाएवढं सौरपत्र, खाली लोंबणाऱ्या दोन-तीन नळ्या. पाहायला अगदी साधं प्रकरण. पण त्याने नेमकं काय बदलतं, कोणाचं बदलतं, आणि काय बदलत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. मासे खाणाऱ्यांनीही आणि न खाणाऱ्यांनीही.

आधी पाण्याच्या श्वासाविषयी. आपण ज्या हवेत वावरतो तिच्यात प्राणवायू २१ टक्के. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. तेच एक लिटर गोडं पाणी २५ अंश सेल्सियसला हवेतून किती प्राणवायू विरघळवून घेऊ शकतं? फक्त सव्वाआठ मिलिग्रॅम. पाणी ३० अंशांपर्यंत तापलं की साडेसात. पाणी खारं असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे मासा जन्मतः गरिबीत जगतो म्हणा ना! आपल्या तिसाव्या हिश्श्याएवढ्या शिधेवर त्याचा संसार. त्या शिधेतही पाच मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्याचं बरं चालतं; तीनच्या खाली गेलं की खाणं सुटतं, वाढ खुंटते, रोगाला दार उघडतं; आणि एक-दोनवर तासन् तास राहिलं तर बहुतेक जातींचा निकालच लागतो. मरळ किंवा मागूर पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात, ते तग धरतात. रोहू, कटला, मृगळ, कोळंबी यांना ती सोय नाही.

आता गंमत अशी, की तळ्यातला प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. पाण्याला जो हिरवा रंग असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा. ऊन पडलं की त्या प्राणवायू तयार करतात. दुपारी तीनच्या सुमाराला तळं अगदी श्रीमंत असतं. दहा-बारा मिलिग्रॅमपर्यंतही आकडा जातो. सूर्य मावळला की कमाई बंद आणि खर्च मात्र चालू. त्याच वनस्पती आता प्राणवायू घेऊ लागतात, मासे घेतात, आणि तळाशी साचलेलं न खाल्लेलं खाद्य नि विष्ठा कुजवणारे जीवाणूही घेतात. पुष्कळ तळ्यांत रात्रीच्या या खर्चात माशांचा वाटा लहानच असतो. मोठा वाटा त्या हिरव्या रंगाचा आणि तळच्या गाळाचा. रात्रभर शिल्लक उतरत जाते आणि पहाटे, उजाडण्याच्या थोडं आधी, ती सर्वांत खाली येते. आम्ही बँकवाले महिनाअखेरीच्या खात्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मत्स्यशेतकरी पहाटे चारच्या पाण्याकडे पाहतो.

त्यात ढगाळ दिवस आला की दिवसाची कमाई कमी. सलग तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं तर तळं रोज थोडं अधिक गरीब होऊन रात्रीला सामोरं जातं. कधी कधी ती हिरवी वनस्पती एकाएकी मरते, पाण्याचा रंग रातोरात फिरतो, आणि कुजण्याचा खर्च अंगावर येतो. जोराचा पाऊस झाला तर खाऱ्या तळ्यात गोड्या पाण्याचा हलका थर वर तरंगतो आणि खालच्या थराला हवा मिळेनाशी होते. हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त पाऊस, आणि पावसाने तर आपल्याला आनंदच होतो.

प्राणवायू हा पहाटेचा शत्रू, तर दुपारचा शत्रू अमोनिया. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाद्यातून तो येतो. पण सगळा अमोनिया विषारी नसतो. त्याचा किती भाग विषारी रूपात असेल ते पाण्याच्या सामूवर ठरतं. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर शंभरातला एक भागसुद्धा विषारी नसतो. सामू ८ झाला की पाचेक भाग, आणि ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. दुपारी त्या हिरव्या वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, तसा सामू चढतो. म्हणजे प्राणवायूची दिवाळी असते नेमकी त्याच वेळी दुसरं संकट डोकं वर काढतं. एकाच पाण्यात, एकाच दिवसात. म्हणून आठवड्यातून एकदा बाटली भरून तपासणीला पाठवून तळ्याची तब्येत कळत नाही. सकाळी दहाला घेतलेला नमुना म्हणजे रात्री ताप चढणाऱ्या रोग्याला दिवसा तपासण्यासारखं.

आपल्याकडचे जुने लोक हे सगळं आकड्यांशिवाय ओळखून होते. रायगडच्या खारेपाटात, पेण-अलिबागच्या बाजूला, घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवायची चाल फार जुनी. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून आलेली पिल्लं धरायची आणि तळ्यात सोडायची. पाहुणा आला, सण आला की एखादा काढायचा. जिताड्याची भेट घेऊन सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाचं काम अडत नाही, अशी त्या मुलुखात थट्टा चाले. त्या थट्टेत किती तथ्य होतं ते मी निवृत्त झालो असलो तरी सांगणार नाही. पण या तळेवाल्यांना पाणी वाचता येई. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागले की म्हणत, ‘पाणी जड झालंय.’ मग घरातली पोरं उठवायची आणि बांबूने, टोपल्यांनी पाणी झोडपून काढायचं, नाहीतर खालचं थोडं सोडून वरून ताजं घ्यायचं. शास्त्र तेच होतं. हवा आणि पाणी यांची गाठ घालून द्यायची.

पण त्या तळ्यात मासे होते थोडे. चुकलं तर घरचं कालवण चुकायचं, संसार बुडत नव्हता. पुढे हिशेब बदलला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन आपल्या भारतीय माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि मत्स्यबीजासाठी नदीच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची गरज संपत गेली. (१० जुलै आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे.) १९६१ साली मुंबईत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था उभी राहिली. मग आलं कोळंबीचं युग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या बँकेच्या बैठकांत ‘टायगर प्रॉन’ हा शब्द ज्या आदराने उच्चारला जाई, तसा पुढे फक्त ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द उच्चारला गेला. परदेशी चलन, सहा महिन्यांत पीक, खाजणाची पडीक जमीन सोन्याची! १९९४-९५ साली पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. तिकडच्या शाखांतून येणारी थकबाकीची विवरणं मी पाहिलेली आहेत. त्यातल्या ‘वसुलीची शक्यता’ या रकान्यात एकामागून एक आडव्या रेघा होत्या.

२००९पासून आपल्याकडे रोगमुक्त मादी-नर आयात करून वनामी जातीच्या कोळंबीची शेती सुरू झाली. ही कोळंबी दाटीवाटीने राहते. किनारी मत्स्यशेतीच्या नियमांनी तिची मर्यादा ठरवली ती एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० पिल्लं. ऐकायला आकडा लहान वाटतो. एका हेक्टरला गुणून पाहा : सहा लाख जीव. एका पाणवठ्यात, एका शिधेवर! अशा ठिकाणी एक पहाट चुकली तर कालवण नव्हे, घर चुकतं. खर्चातला निम्म्याहून अधिक भाग खाद्याचा, आणि ते बहुधा उधारीवर उचललेलं. पाणी झोडपायला पोरं पुरत नाहीत म्हणून एरेटर आले, पाणी उडवणारी विजेची चाकं. आता प्रश्न एवढाच उरला, की ती चाकं केव्हा फिरवायची? रात्रभर फिरवली तर विजेचं बिल खातं. न फिरवली तर पहाट खाते.

इथे मोजमापाची कथा सुरू होते, आणि ती चांगली जुनी आहे. १८८८ साली लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातला प्राणवायू मोजायची रीत काढली. बाटलीत पाणी भरायचं, त्यात दोन-तीन रसायनं घालायची, रंग उडेपर्यंत थेंब थेंब मोजायचा. ती आजही प्रयोगशाळांत प्रमाण मानली जाते. पण पहाटे चार वाजता बॅटरीच्या उजेडात, तोल सांभाळत, ती कोण करणार? दुसरी पायरी गाठली ती एका अमेरिकन शास्त्रज्ञाने, लेलंड क्लार्कने, १९५०च्या दशकात. त्याला मासे नकोच होते. त्याला माणसाच्या रक्तातला प्राणवायू मोजायचा होता. त्याने पातळ पापुद्र्याआड धातूचे दोन टोक बसवले; पापुद्र्यातून जितका प्राणवायू आत येईल तितका विजेचा प्रवाह वाहतो. इस्पितळासाठी काढलेलं ते साधन नद्यांवर आणि तळ्यांवर पोहोचलं. अलीकडची यंत्रं प्रकाशावर चालतात. एका रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते तांबूस चमकतं. भोवती प्राणवायू जितका जास्त, तितकी ती चमक लवकर विझते. त्या विझण्याचा वेग मोजायचा. २०२०-२१च्या महामारीत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता ना? रीत वेगळी, पण भाव तोच. आकडा उतरला की घरातल्यांच्या पोटात गोळा.

आणि बिनतारी म्हणजे काय? रेडिओलहरी पाण्यातून नीट जात नाहीत. म्हणून मोजणारी नळी पाण्यात, पण बोलणारा डबा पाण्यावर. तो डबा बहुतेक वेळ झोपलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांनी जागा होतो, प्राणवायू, तापमान, सामू, क्षारता असे चार आकडे घेतो, पाठवतो आणि परत झोपतो. म्हणूनच एवढ्याशा सौरपत्रावर त्याचं भागतं. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावरून थोडी माहिती मोकळ्या रानात काही किलोमीटर जाते. मजकूर एवढा तुटपुंजा, की मला २०१३ साली बंद झालेल्या तारेची आठवण होते. ‘प्राणवायू तीन. उतरतोय. लवकर या.’ काठावरच्या खोलीतला दुसरा डबा ही तार घेतो आणि मोबाइलवरून मालकाला पोहोचवतो. आकडा ठरवलेल्या रेषेखाली गेला की भोंगा वाजतो. काही ठिकाणी चाकं आपोआप सुरू होतात.

अशा एका कोळंबीच्या तळ्यावर मी मुद्दाम रात्र काढायला गेलो होतो. मालक माझा जुना खातेदार. आता कारभार त्याचा मुलगा पाहतो. पोराने मला मोबाइलवर गेल्या महिन्याचा आलेख दाखवला. रोज दुपारी डोंगर, रोज पहाटे दरी. मध्ये तीन दिवस डोंगर बुटके होते. “तेव्हा आभाळ होतं, साहेब,” तो म्हणाला. “खाद्य निम्मं केलं. पूर्वी आम्ही पोतं ओततच राहिलो असतो.” मला ते महत्त्वाचं वाटलं. लोकांना भोंगा आवडतो, कारण त्यात नाट्य आहे. खरा पैसा वाचतो तो या बुटक्या डोंगरांत. भूक नसलेल्या कोळंबीला न टाकलेलं खाद्य तळाशी कुजत नाही, आणि कुजलं नाही म्हणून पुढची पहाट जड होत नाही.

राखणदार साठीपुढचा. मालकाचा मुलगा त्यांना काका म्हणतो. बांधावरच्या खोपटात पंधरा वर्षं झोपलेला माणूस. झोपलेला म्हणण्यापेक्षा जागलेला. दोनला एक फेरी, चारला दुसरी, हातात बॅटरी. काठाशी कोळंबी दाटीने आली की समजायचं. मी त्यांना विचारलं, “काका, आता हे यंत्र आलं. तुमचं काय?” ते म्हणाले, “साहेब, यंत्र मला उठवतं. उठून जायचं मलाच. परवा लाइट गेली, यंत्र बोंबलत होतं. जनरेटर का त्याने चालू केला?” मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पण एक झालं. दोनची फेरी सुटली. बरं वाटतं झोपलं की.” पंधरा वर्षं अर्धी झोप झालेल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य कोणत्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. पण या यंत्राचा सगळ्यांत न मोजलेला फायदा मला तोच वाटला.

काकांच्या बोलण्यात यंत्राची मर्यादाही आली. यंत्र सांगतं, करत नाही. वीज नसेल, जनरेटरमध्ये डिझेल नसेल, चाकाचा पट्टा तुटला असेल, तर मालकाला फक्त आपलं नुकसान वेळेवर कळतं. दुसरं, पाण्यात काहीही ठेवा, पाणी त्याला आपलंसं करतं. आठ-दहा दिवसांत नळीवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो. खाऱ्या पाण्यात बारीक शिंपले घर करतात. मग यंत्र तळ्याचा नव्हे तर आपल्या अंगावरच्या शेवाळाचा प्राणवायू मोजू लागतं, आणि तेही आत्मविश्वासाने. ते नियमाने पुसायला हवं, ठरावीक दिवसांनी त्याचा आकडा प्रमाण द्रावणाशी ताडून घ्यायला हवा, झिजलेलं टोपण बदलायला हवं. सामूची काचेची नळी तर हळूहळू सरकतच जाते. अमोनियासाठी अजूनही पुष्कळ ठिकाणी परीक्षानळी आणि रंगाचा तक्ता हाच भरवशाचा. विषाणूला तर हे यंत्र ओळखतच नाही. पांढरे ठिपके यायचे ते सामू आणि क्षारता उत्तम असतानाही येऊ शकतात. चांगल्या पाण्यात जनावराला झुंजायला बळ राहतं, इतकंच. हे विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारा विचारत नाही.

चांगल्या सेन्सरची किंमत अजूनही दहा-दहा हजारांत आणि संपूर्ण संच घेतला तर लाखात मोजावी लागते. हेक्टरभर कोळंबी करणाऱ्याला ती झेपते. शेततळ्याच्या प्लास्टिकवर जोडधंदा म्हणून चार हजार बोटुकली सोडणाऱ्याला झेपत नाही. त्याने काय करायचं? मला वाटतं, गावातल्या मत्स्य सहकारी संस्थेने एक हातात धरायचं यंत्र घ्यावं आणि ढगाळ आठवड्यात पहाटे दोन पोरांनी सायकलवर फिरून दहा तळी मोजावी. आकडे संस्थेच्या फळ्यावर लिहावेत. तार असो की बिनतारी, पहाटे चारला कोणीतरी मोजतंय हे महत्त्वाचं.

आता माझ्या जुन्या धंद्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९पासून मत्स्यव्यवसायालाही लागू झाली. २०२० साली केंद्राने २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा योजना आणली. २०२४ साली मंजूर झालेल्या तिच्या उपयोजनेत मत्स्यशेतीच्या विम्याला उत्तेजन देण्याचं कलम आहे. कर्ज आणि विमा दोघांचाही आजवरचा अडसर एकच : पाण्याखालचं दिसत नाही. आता दिसू लागलं आहे. माझा एक जुना सहकारी परवा उत्साहाने म्हणाला, “अरे, आता तपासणीला जायलाच नको! आकडे थेट आपल्या संगणकावर घ्यायचे. ज्याचा प्राणवायू वारंवार घसरतो त्याचं कर्ज वेळेत आवळायचं.” तो चांगला माणूस आहे, हिशेबाच्या दृष्टीने त्याचं म्हणणं चूकही नाही. पण मी ऐकून जरा गप्प झालो.

कारण हा आकडा दुधारी आहे. तळं बुडाल्यावर ‘मी निष्काळजी नव्हतो, हे बघा, चाकं रात्रभर फिरत होती’ असं सांगायला शेतकऱ्याजवळ प्रथमच पुरावा आला. पूर्वी त्याच्या शब्दाशिवाय काही नसे, आणि अडचणीत आलेल्या कर्जदाराच्या शब्दाला आमच्या टेबलावर फारशी किंमत नसे. पण तोच आलेख उलटा धरला तर, ‘१४ तारखेला पहाटे साडेतीनला आकडा दोनवर होता, तुम्ही पंचेचाळीस मिनिटं उशिरा उठलात, दावा नामंजूर,’ असंही म्हणता येतं. यंत्र तेच, आकडा तोच. प्रश्न आहे तो वही कोणाच्या कपाटात राहते याचा. बहुतेक ठिकाणी हे आकडे यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकात साठतात आणि मालकाला मोबाइलवर त्याची फक्त खिडकी मिळते. वर्गणी थांबली की खिडकी बंद. आम्ही बँकेत खातेदाराच्या हाती पासबुक देत होतो. खातं बंद केलं तरी जुनं पासबुक त्याच्याच ट्रंकेत राही. तळ्याचंही पासबुक तळेवाल्याच्या हाती हवं. ते बँकेला दाखवायचं की नाही, विम्याला किती दाखवायचं, हे त्याने सही करून ठरवावं, आणि ते कर्जाच्या अर्जावरच स्वच्छ मराठीत लिहिलेलं असावं. बारीक टायपातल्या एकोणिसाव्या कलमात नको.

आणि एक वही अजून कोणीच उघडलेली नाही. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोळंबी प्रकल्पांविषयी एक मोठा निकाल दिला. किनारपट्टीच्या नियंत्रित पट्ट्यातल्या, पारंपरिक नसलेल्या कोळंबी तळ्यांना त्याने हरकत घेतली होती. त्या प्रकरणात आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने पाहणी करून अहवाल दिला होता. शेजारच्या विहिरी खाऱ्या झाल्या, भातजमिनी गेल्या, तळ्यातलं घाण पाणी खाडीत सोडलं जातं, अशा तक्रारींतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. पुढे २००५ साली किनारी मत्स्यशेतीचा कायदा झाला, नोंदणी आली, नियम आले. आज आपण तळ्याच्या आत चार-चार सेन्सर बसवतो, कारण आतल्या कोळंबीला भाव आहे. पण तळ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या उघाडीवर एखादा सेन्सर बसवलेला मी तरी पाहिलेला नाही. पलीकडच्या भातवाल्याला, खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला, त्याच्या वाट्याला कोणतं पाणी येतंय हे कोण सांगणार? यंत्राला आतलं-बाहेरचं कळत नाही. ते कुठे बसवायचं हे माणूस ठरवतो, आणि त्यावरून माणसाला कोणाची काळजी आहे ते कळतं.

मला विचाराल तर सरकारी अनुदानातून बसणाऱ्या प्रत्येक चार यंत्रांमागे पाचवं यंत्र उघाडीवर असावं, आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागावा. खर्च वाढेल, कबूल. पण मालक आणि शेजारी यांच्यात जी वर्षानुवर्षं धुसफूस चालते, कोर्टकचेऱ्या होतात, त्यांचा खर्च कधी कोणी मांडला आहे का? पाणी स्वच्छ सोडणाऱ्या मालकालाही त्याचा फायदाच आहे. त्याच्यावर आळ आला तर फळ्याकडे बोट दाखवता येईल.

आपण बाजारात मासळी घेताना कल्ले उचलून लाल आहेत का ते पाहतो, पोट दाबून पाहतो, कोळणीशी दोन रुपयांवरून वाद घालतो. हे सगळं बरोबरच आहे. पण तळ्यातली मासळी दिवसेंदिवस आपल्या ताटात वाढत जाणार, कारण समुद्राला मर्यादा आहेत. तेव्हा ताजेपणाबरोबरच, ती ज्या पाण्यात वाढली त्या पाण्याची कोणी चौकशी केली होती का, आणि ते पाणी पुढे कोणाच्या दारात गेलं, हेही विचारायला आपण शिकलं पाहिजे. उत्तर द्यायला आता साधन आलं आहे. विचारणारे मात्र आपणच असायला हवेत. तो डबा स्वतःहून एवढंच सांगतो, की पहाटेचे चार वाजले आहेत आणि प्राणवायू तीनवर आला आहे.